मखमली पाय

अण्णांचा पाय म्हणजे मखमल, असं अख्खं वर्कशॉप म्हणायचं आणि अण्णा ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. आतून मात्र फुलायचे. का नाही फुलणार? आयुष्य गेलं त्या माणसाचं गाड्या चालवण्यात. दुरुस्त होऊन उभी राहिलेली प्रत्येक गाडी आधी अण्णा रस्त्यावर काढणार, एक फेरी मारणार, परत येऊन किल्ली टेबलावर ठेवणार आणि म्हणणार, "जाऊ दे." की गाडी गेलीच. "ठेवा" म्हणाले की ठेवली. मॅनेजर बदलले, मालक बदलला, भिंतींचे रंग बदलले, पण अण्णांच्या शब्दापुढे शब्द काढायची कुणाची टाप नव्हती.

त्यांचा एक नियम होता. चाचणीला स्टिअरिंगवर अण्णाच बसणार. गिऱ्हाइकानं काचेच्या खोलीत बसावं, चहा प्यावा, जुनी मासिकं चाळावीत. "गिऱ्हाईक चालवायला बसलं ना, की ते गाडी चालवत नाही, तक्रार चालवतं," असं अण्णा म्हणायचे आणि आपल्याच वाक्यावर आपणच हसायचे. पुढे पुढे तो नियम वर्कशॉपचाच होऊन बसला. फळ्यावर लिहिला गेला.

तर अशा माणसाच्या सुनेची गाडी बिघडली. आणि गाडी तरी कुठली? अण्णांनीच पसंत केलेली, त्यांच्याच शोरूममधून कोरी करकरीत आणलेली ऑटोमॅटिक.

सूनबाई फिजिओथेरपिस्ट. दवाखाना वगैरे नाही. ही घरोघरी जायची. कुणाचा मोडलेला खुबा, कुणाचा लुळा पडलेला हात, कुणाला पलंगावरून उठून खुर्चीपर्यंत चालायला शिकवायचं. गाडीत मागे व्यायामाचे पट्टे, विजेचं मशीन आणि फुगवलेला एक मोठा लाल चेंडू असायचा. नवरा, म्हणजे अण्णांचा मुलगा, जहाजावर नोकरीला. वर्षातले बरेच महिने समुद्रात. त्यामुळे घर, मुलगी चिमी, पेशंट, सगळं ती एकटीच ओढत होती आणि गाडी नसती तर तिच्या कामाची घडीच मोडली असती. गाडी चालवायला ती लग्नानंतर शिकली. शिकवणारे अर्थात अण्णाच.

"अण्णा, गाडी मधेच सुटते," एकदा संध्याकाळी ती म्हणाली.

"सुटते म्हणजे?"

"म्हणजे ओढच जाते तिची. मी दाबते, इंजिन ओरडतं, आणि गाडी पुढे जातच नाही. क्षणभरच. मग एकदम धक्का देऊन पळते."

"कधी होतं?"

"जरा जोरात निघायचं असलं की. परवा मोठा रस्ता ओलांडत होते, चिमी मागे बसली होती. बरोब्बर मध्यावर."

अण्णांनी दुसऱ्या दिवशी गाडी वर्कशॉपात नेली, नेहमीसारखी फेरी मारली. मोठा रस्ता ओलांडला, चढ चढले, उताराला लागले. कुठे काही नाही. गाडी अशी चालली, की डॅशबोर्डवर भरलेला पेला ठेवला असता तरी हिंदकळला नसता. तरी वर्कशॉपातल्या मुलांनी कॉम्प्युटरची वायर जोडली, गिअरबॉक्सच्या प्रोग्रॅममधली जुनी सवय पुसली, नवी बसवली. आठवडाभर गाडी गुणी बाळासारखी वागली आणि मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

पुन्हा गाडी वर्कशॉपात, पुन्हा अण्णांची फेरी, पुन्हा काही नाही. मग आणखी एकदा.

आता इथे अण्णांचा स्वभाव सांगायला हवा, नाहीतर त्यांच्यावर उगाच अन्याय व्हायचा. ही गाडी दुसऱ्या कुणाची असती, तर दोन वेळा तक्रार आल्यावर अण्णांनी नक्की लिहिलं असतं, 'पुन्हा खोलून बघावी.' पण ही पडली घरची. वॉरंटीत आहे म्हणून अण्णांनी सुनेला फुकट गिअरबॉक्स मिळवून दिला, असं उद्या कुणी म्हटलं तर? उभ्या जन्मात ज्यानं खोटा शेरा मारला नाही, तो आता सुनेसाठी मारणार? छे! म्हणून घरच्या गाडीला ते जास्तच कडक झाले आणि दर वेळी ठसठशीत अक्षरात लिहीत गेले: 'दोष आढळला नाही.' खाली सही. प्रामाणिकपणा अंगाशी येतो तो असा. गंमत म्हणजे आपण फार न्यायानं वागलो, असं वाटून त्या त्या रात्री ते छान झोपलेसुद्धा.

जेवताना सूनबाईनं विषय काढला, तेव्हा तर त्यांनी हद्दच केली. पोळीचा तुकडा मोडत हसत म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं!"

चिमी हसली, कारण आजोबा हसले. माई, म्हणजे चिमीची आजी, हसल्या नाहीत. सूनबाईनं ताटाकडे बघत भात संपवला, उठली, हात धुतले. "गंमत केली गं," अण्णा मागून म्हणाले. "अगं, ऑटोमॅटिक गाडीला सवय लागते. एकदम दाबू नये. प्रेमानं घ्यावं."

"लोकांच्या म्हाताऱ्यांना उभं करते ती," माई म्हणाल्या. "तिला कळत नसेल पाय किती दाबायचा ते?"

"तू गाडीतलं बोलू नकोस."

"बरं बाई, नाही बोलत. माझं मेलीचं ऐकतंय कोण!"

थोड्या दिवसांनी मॅनेजरनं अण्णांना आत बोलावलं. सूनबाईच्या तक्रारीवर गाडीच्या कंपनीचं उत्तर आलं होतं. वर्कशॉपच्याच अनुभवी माणसाला वारंवार काही आढळलेलं नाही, त्याअर्थी हा चालवणाऱ्याच्या सवयीचा प्रश्न आहे; यापुढे ही तक्रार वॉरंटीत घेतली जाणार नाही. वॉरंटीही तशी संपतच आली होती. "घरचंच माणूस आहे अण्णा, तुम्हीच जरा समजावून सांगा," मॅनेजर गोड आवाजात म्हणाला. "बायकांना वेळ लागतो ऑटोमॅटिकचा."

अण्णांनी होकारार्थी मान हलवली. काय म्हणावं या माणसाला! ज्याच्या हाताखाली ती शिकली, तोच मान हलवतो.

घरी येऊन त्यांनी तिला समजावून सांगितलंही. तिनं ऐकून घेतलं. त्यानंतर गाडीचा विषय तिनं काढलाच नाही. अण्णांचा जीव भांड्यात पडला. त्यांना वाटलं, लागली सवय.

सवय लागली होती, पण वेगळीच. ते कळायला अण्णांचे डोळे जावे लागले. म्हणजे कायमचे नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे तपासणी होती, डॉक्टरनं डोळ्यांत औषध घातलं आणि सांगितलं, संध्याकाळपर्यंत सगळं धूसर दिसेल, गाडी चालवायची नाही. माईंनी सूनबाईला फोन केला. दुपारची वेळ होती, ती पेशंट संपवून आली आणि आयुष्यात पहिल्यांदा अण्णा तिच्या शेजारच्या सीटवर बसले. शिकवताना बसले असतील तेवढेच.

निघाल्यावर थोड्या वेळानं अण्णा म्हणाले, "हे कुठून नेतेस? पुलाकडे कशाला वळलीस?"

"इकडून बरं पडतं."

"बरं कसलं? केवढा वळसा हा! सरळ गेलो तर मोठा रस्ता ओलांडला की घर."

सूनबाई हळूच म्हणाली, "तो रस्ता मी ओलांडत नाही आता. पुलावरून जाते. पलीकडच्या बाजूचे पेशंट मी सोडले, अण्णा. माझ्या मैत्रिणीला दिले."

"सोडले? कशासाठी?"

"वळसा घालून वेळेवर पोचता येत नाही. आणि ओलांडायची हिंमत होत नाही."

अण्णांना वाईट वाटायला हवं होतं. त्यांना राग आला. आपण शिकवलेलं माणूस साधा रस्ता ओलांडायला घाबरतं म्हणजे काय! हा आपल्याच पायाचा अपमान, असं काहीतरी त्यांना वाटलं असावं. "वळव गाडी," ते म्हणाले. "भीती अशीच घालवायची असते. मी आहे ना शेजारी."

तिनं वळवली. सासऱ्यापुढे किती बोलणार? मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी येऊन ती थांबली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे. अण्णांना समोर नुसता पांढरा उजेड दिसत होता आणि त्यात काही राखाडी डाग.

"जा," ते म्हणाले. "रिकामा आहे रस्ता."

डोळ्यांत औषध घातलेला माणूस सांगतोय, रस्ता रिकामा आहे! आणि ती गेली.

मध्यावर आल्यावर इंजिन किंचाळलं. अण्णांनी ते ऐकलं. आवाज चढत गेला, चढत गेला आणि गाडी मात्र जागच्या जागी तरंगल्यासारखी. मागून पाठीला रेटा यायला हवा तो आलाच नाही. डोळ्यांना दिसत असतं तर त्यांनी कदाचित काही कारण काढलं असतं, तिचा हात बघितला असता, आरसा बघितला असता. दिसत काहीच नव्हतं, त्यामुळे जे होत होतं ते सगळं अंगाला लागलं. डावीकडून ट्रकचा हॉर्न आला आणि थांबेचना. मग खाडकन धक्का बसला, मान मागे आपटली, गाडी उडी मारून पुढे गेली आणि ट्रकचा वारा त्यांच्या मागून सूं करून गेला.

पलीकडे जाऊन तिनं गाडी कडेला घेतली.

"हेच का गं?" अण्णांनी विचारलं.

"हेच."

"रोज होतं?"

"रोज नाही होत. पण आज होईल असं मात्र रोज वाटतं."

अण्णा यावर काय म्हणाले असतील? "पण माझ्याकडून कसं नाही झालं?" म्हणाले. बघा! जिवावरचं संकट नुकतं शेपटावर निभावलंय आणि यांना पडलंय 'माझ्याकडून'चं. पण सूनबाईला राग आला नाही. किंवा आला असेल तरी ती कामातल्या माणसासारखी म्हणाली, "उद्या तुम्ही चालवा. मी शेजारी बसते. मला बघायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच रस्ता, तीच गाडी, चालवायला अण्णा. ओलांडला. काही नाही. पुन्हा ओलांडला. लोण्यातून सुरी जावी तशी गाडी गेली. सूनबाई रस्त्याकडे बघतच नव्हती. ती वाकून अण्णांच्या पायाकडे बघत होती, पेशंट चालताना बघायची तशी.

"अण्णा, तुम्ही पाय उचलता."

"कुठे उचलतो?"

"मधे. जोर देता, देता, आणि नेमका गिअर बदलायच्या वेळी किंचित सोडता. मग पुन्हा देता."

"उगाच काहीतरी! ऑटोमॅटिकला सोडायचा कशाला?"

"तेच म्हणते मी." तिनं त्यांच्या पोटरीवर दोन बोटं टेकवली. त्यांच्या गुडघ्याचा व्यायाम तीच घ्यायची, तेव्हा त्यात नवीन काही नव्हतं. "आता चालवा."

अण्णांनी चालवली आणि त्या दोन बोटांखाली त्यांना स्वतःलाच कळलं. पोटरी ढिली पडली. इंजिनचा सूर एका जागी पोचला आणि पाय आपोआप, त्यांना न विचारता, केसभर वर आला. आयुष्यभर क्लचच्या गाड्या चालवलेला पाय तो. गिअर टाकताना सोडायचा, हे हाडीमाशी मुरलेलं. ती मखमल म्हणजे एवढंच होतं. गिअरबॉक्सच्या आतलं झिजलेलं काय असेल ते असो, अण्णांचा पाय त्याला दर वेळी सावरून घेत होता. ओझं काढून घेत होता, गिअर बसू देत होता आणि मग पुन्हा ओझं देत होता. दुसरं कुणी सरळ, साध्या पायानं चालवलं की बिंग फुटणार. आणि दुसऱ्या कुणाला चालवायला द्यायचं नाही, हा नियम कुणाचा? अण्णांचाच!

त्यांनी गाडी कडेला थांबवली. काच खाली केली. घाम आला होता. इतक्या वर्षांत आपण 'जाऊ दे' म्हणून सोडलेल्या गाड्या त्यांच्या डोळ्यांपुढून जायला लागल्या आणि त्यातली कुठली कुणाच्या दारात जाऊन कशी वागली असेल, याचा त्यांना अंदाजही करवेना.

मॅनेजरला त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. मॅनेजर हसला. मग अण्णा हसत नाहीत हे बघून खुर्चीत सरसावून बसला. "अण्णा, तुमच्याच सह्या आहेत. आता तुम्हीच म्हणता बिघाड आहे?"

"आहे."

"कंपनी म्हणेल, सुनेसाठी शब्द फिरवला."

"म्हणू दे. त्यांचा माणूस बोलवा. त्याच्यासमोर दाखवतो."

"चालवणार तुम्ही. नियम आहे," मॅनेजरनं फळ्याकडे बोट दाखवलं. "आणि तुम्ही चालवली की गाडी नीटच चालते. हे म्हणजे..." पुढची म्हण त्याला सुचली नाही.

आता आली का पंचाईत? बिघाड दाखवायचा तर गाडी वाईट चालवायला हवी आणि अण्णांना वाईट चालवता येत नव्हती. म्हणून रविवारी सकाळी बंद गोदामामागच्या मोकळ्या आवारात सूनबाईनं सासऱ्याची शिकवणी घेतली. चिमीला माईंकडे ठेवलं होतं.

"दाबा."

"दाबतोय की."

"आता धरून ठेवा. धरून ठेवा. सोडलात!"

"कुठे सोडला?"

"सोडलात, अण्णा. मी बघितलं. पुन्हा."

पेशंटशी ती अशीच बोलत असणार. आवाज चढत नव्हता, पण सुटकाही नव्हती. अण्णांचा पाय जिद्दीला पेटल्यासारखा दर वेळी वर यायचा. ते चिडले, गाडीवर चिडले, बुटावर चिडले, बूट काढून बघितला. "मेला माझा पाय माझंच ऐकत नाही!" असं ते ओरडले, तेव्हा सूनबाई खूप दिवसांनी हसली. "माझ्या सगळ्या पेशंटांचं हेच म्हणणं असतं," ती म्हणाली. ऊन चढेपर्यंत चाललं. शेवटी एकदा इंजिन किंचाळलं, गाडी लटकली, धक्का बसला आणि मोकळ्या आवारात दोघंही लॉटरी लागल्यासारखी ओरडली. ट्रकच्या आठवणीनं लगेच गप्पही झाली.

कंपनीचा इंजिनिअर आला. तरुण, नेटका, मांडीवर लॅपटॉप. तो पुढे अण्णांच्या शेजारी बसला, मॅनेजर मागे. सूनबाईला मॅनेजरनं काचेची खोली दाखवली, चहा सांगितला.

पहिली फेरी. मखमल. इंजिनिअरनं लॅपटॉपवर इंजिनच्या वेगाची रेघ बघितली. दुसरी फेरी. अण्णांना कळत होतं, पाय सुटतोय. चार माणसांसमोर इतकी वर्षं शाबासकी मिळवलेला पाय, परक्या माणसासमोर तो काय म्हणून वाईट वागेल? मागून मॅनेजर खाकरला. "बाकी गाडी उत्तमच आहे," तो म्हणाला.

अण्णांनी गाडी वर्कशॉपच्या दारात आणून उभी केली, खाली उतरले, काचेचं दार उघडलं. "सूनबाई, चल. मागे बस."

"अण्णा, नियम..." मॅनेजर म्हणाला.

"चालवणार मीच आहे. ती फक्त बोलणार आहे. बोलू नये असं फळ्यावर लिहिलंय का?"

तिसऱ्या फेरीला मोठ्या रस्त्यावरची गर्दी ओसरेपर्यंत ते थांबले. निघताना मागून सूनबाईचा आवाज आला, "दाबा. धरून ठेवा. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही. अजून. अजून..." मॅनेजर तिच्याकडे बघतच राहिला. अण्णांनी दात आवळले, पोटरी दगडासारखी केली, आणि इंजिन ओरडलं. गाडी लटकली. लॅपटॉपवरची रेघ सरळ वर चढली आणि खाली कोसळली. धक्क्यानं मॅनेजरचा चष्मा मांडीवर पडला.

"स्पष्ट आहे," इंजिनिअर म्हणाला. "आतला क्लच पकड सोडतोय. गिअरबॉक्स बदलावा लागेल." मग लॅपटॉप मिटत त्यानं सहज विचारलं, "पण इतका स्पष्ट बिघाड आधी कुणाला दिसला कसा नाही?"

मॅनेजर चष्मा पुसायला लागला. अण्णा म्हणाले, "चाचणी मी केली होती. चुकीचं मी लिहिलं होतं." आरशात त्यांनी मागे बघितलं. सूनबाई खिडकीबाहेर बघत होती. तिला तिथेच काहीतरी म्हणावं असं त्यांच्या फार मनात आलं, पण परक्यांसमोर कसं, घरी गेल्यावर म्हणू, असं त्यांनी ठरवलं. घरी गेल्यावर माईंनी काय झालं ते विचारलं, चिमीनं चेंडू मागितला, मुलाचा फोन आला आणि ते राहूनच गेलं. अशा गोष्टी राहून जातात त्या जातातच.

गिअरबॉक्स बदलला. फुकट, वॉरंटीत; तक्रार मुदतीतली होती. वर्कशॉपात मुलं अण्णांची पाठ थोपटायला आली, त्यांनी थोपटू दिली नाही. नवा गिअरबॉक्स बसल्यावर अण्णांनी स्वतः गाडी चालवली, मखमली पायानं चालवली, मग दात आवळून चालवली, वर्कशॉपातल्या मुलांना चालवायला लावली. कुठे काही नाही. पलीकडच्या बाजूच्या एका म्हाताऱ्यानं मैत्रिणीकडे हट्ट धरला होता की जुनीच बाई हवी. सूनबाईनं परत यायचं कबूल केलं. त्या दिवशी अण्णाही बरोबर निघाले. म्हणाले, पहिल्यांदा मी असतो शेजारी.

मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी गाडी थांबली. अण्णांचे डोळे आज स्वच्छ होते. एक बस गेली, दोन मोटारी गेल्या, मग रस्ता खरोखर रिकामा झाला. सूनबाईनं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. पाय ब्रेकवर. पुन्हा मोटारी आल्या, गेल्या. पुन्हा रिकामा. तिची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली होती.

"जा की," अण्णा म्हणाले. "आता काही नाही होत. मी स्वतः चालवून बघितलीय."

तिनं त्यांच्याकडे वळून बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. "तुम्हाला आधीही काही झालं नव्हतं, अण्णा," ती म्हणाली.

अण्णांच्या तोंडात कुणी मारावी तसं झालं. गाडीची खात्री द्यायला त्यांच्याकडे एवढा एकच शब्द होता, आयुष्यभर चाललेला, आणि तो आज घरातच चालेना. काय सांगणार? इंजिनिअरचं नाव? नव्या गिअरबॉक्सचा कागद? गिअरबॉक्स नवा होता, हे तिलाही माहीत होतं. तिचा पाय उठत नव्हता, एवढंच.

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. पुन्हा दिला. मग हात हॉर्नवरच ठेवला. सूनबाईचे खांदे वर आले.

अण्णांनी दार उघडलं आणि खाली उतरले. मागच्या गाडीपाशी गेले. आत एक जाडा गृहस्थ, घाईत, लालबुंद.

"काय झालंय? बंद पडली का गाडी?"

"नाही. गाडी नीट आहे."

"मग तिला येत नाही का चालवता?"

"येते. माझ्याहून चांगली येते." अण्णांनी खिडकीच्या कडेवर हात ठेवला. "माझं चुकलंय, साहेब. ती खरं सांगत होती आणि मी दर वेळी तिला खोटं पाडलं. आता जरा वेळ लागेल. कृपा करून हॉर्न वाजवू नका."

गृहस्थ त्यांच्याकडे बघतच राहिला. वेडा म्हातारा भेटला, असं त्याला वाटलं असणार. पण हात त्यानं हॉर्नवरून काढला.

तेवढ्यात पुढे इंजिनचा आवाज चढला. एकसारखा, सरळ, मधे कुठेही न सोडलेला. अण्णा वळले. गाडी रस्त्याच्या मध्यावर होती, मग मध्याच्या पलीकडे आणि मग पलीकडच्या गल्लीत. मागच्या काचेत लाल चेंडू क्षणभर दिसला. गाडी थांबली नाही. पेशंट वाट बघत होता.

आपण उतरलो म्हणून ती गेली, हे अण्णांना तिथे उभ्या उभ्या कळलं. बरंही वाटलं आणि रडूही आलं. जाडा गृहस्थ त्यांना वळसा घालून निघून गेला. अण्णा रस्त्याच्या अलीकडे उभे राहिले. पलीकडे त्यांचं काही काम नव्हतं. थोड्या वेळानं ते पायीच घरी निघाले.